मागाचा खड्डा बुजवला तेव्हा

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण नुसती वाचायला. आणि खरं सांगू? हसायला. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप हलणारा झोपाळा... हे सगळं मी चहा पिता पिता नवऱ्याला वाचून दाखवायची आणि दोघं खिदळायचो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का? ते माझं मलाच कळत नाही, म्हणून तर लिहायला बसले. ज्यांना टिंगल करायची त्यांनी खुशाल करा. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मी बेळगावात अनगोळला राहते. माझा धंदा जरा वेगळा आहे. कुणाला घर विकायचं असलं की गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी ते मी नटवून देते. इंग्रजीत होम स्टेजिंग म्हणतात, आमच्याकडचे एजंट सरळ 'घराचा मेकप' म्हणतात. मुलगी दाखवायच्या दिवशी कसं पडद्यापासून पोह्यांपर्यंत सगळं ठरलेलं असतं, तसंच हे. भिंतीवरची कॅलेंडरं काढायची, औषधांच्या बाटल्या आत टाकायच्या, भरदिवसा दिवे लावायचे. भाड्याचा सोफा, भाड्याच्या कुंड्या. गिऱ्हाईक यायच्या जरा आधी वेलदोडा घालून चहा उकळत ठेवायचा, म्हणजे घराला नांदत्या घराचा वास येतो. हार घातलेला फोटो तर समोर अजिबात नको, माणसं दारातूनच चपला शोधायला लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरमालकाला घरात थांबू द्यायचं नाही. मालक लोक लई प्रामाणिक असतात हो! नळाला पाणी कधी येत नाही इथपासून सगळं सांगून मोकळे होतात.

तर दुसऱ्यांची घरं अशी नटवता नटवता एक दिवस माझ्या माहेरचं घर पुढ्यात आलं.

माहेर वडगावात. आम्ही विणकर. वडगाव-शहापुरात पूर्वी गल्लीगल्लीत हातमाग होते, आमच्याही घरात पुढच्या खोलीत होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — आमच्याकडचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि आतल्या फळ्या एकेका पायानं दाबतो. उजवा, डावा, उजवा, डावा. वर हातानं सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायचा. दिवसभर कमरेखालचं माणूस जमिनीच्या आत आणि वरचं बाहेर.

माझी आई मी अगदी लहान असताना गेली. अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्यापेक्षा पुष्कळच मोठा. त्याचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली ती माझी आई होऊनच आली. पुढं अण्णा पावरलूमच्या कारखान्यात कामाला लागला, पण घरातला माग वहिनीनं सोडला नाही. मला शिकवलं ते त्या मागानं, अण्णाच्या मुलाला, विनूला, इंजिनियर केलं तेही त्याच मागानं. दोन-तीन वर्षांपूर्वी अंगात ताप आला म्हणून ती मागावरनं उठली, दवाखान्यात गेली, आणि परत आली नाही. माग शहापूरच्या पाहुण्यांनी नेला. खड्डा तेवढा राहिला. त्याच्यावर फळ्या टाकून अण्णा वळसा घालून ये-जा करायचा.

अण्णा एकटा राहायला लागला आणि हळूहळू त्याचं बिनसत गेलं. शुगर होतीच. एकदा मोरीत पडला. एकदा दूध गॅसवर ठेवून देवळात जाऊन बसला, परत येईपर्यंत स्वयंपाकघराची भिंत काळी! विनू बेंगळुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडगावचं घर विकलं तरच तिकडं तळमजल्यावर घर घेता येणार होतं आणि अण्णाला त्याची स्वतःची खोली मिळणार होती. नाहीतर अण्णा एकटाच इथं, आणि मी रोज फोन उचलला जातोय का बघत जीव मुठीत धरून. एवढी साधी गोष्ट होती. घर विकायलाच पाहिजे होतं.

मी म्हटलं, "अण्णा, तो खड्डा बुजवून टाकूया. पुढची खोली हॉल करूया झकास."

"बुजवायलाच पायजे काय गं?"

"खड्डा बघून गिऱ्हाईक पळतंय, अण्णा."

त्यानं मान डोलावली. पण गवंडी मुरूम घेऊन आला त्या दिवशी सकाळीच अण्णा स्वतः खड्ड्यात उतरला. केरसुणी घेऊन खड्डा झाडायला! गवंडी हसायला लागला, "काका, आता बुजवायचाच हाय नव्हं?" अण्णानं ऐकलं नाही. कानाकोपऱ्यातनं धुरळा काढला, सुताची एक तुटलेली कांडी काढली, आणि हिरव्या काचेचे तुकडे ओंजळभर. वहिनीच्या बांगड्या. विणताना फुटायच्या आणि खाली पडायच्या. ते तुकडे त्यानं धुऊन रुमालात बांधले आणि मला म्हणाला, "आता घाला मुरूम." मग मागच्या परड्यात जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागं गेले नाही.

मुरूम ठोकून घट्ट केला, वर क्रीम कलरच्या फरश्या बसवल्या. खोली ओळखू येईना. त्या जागेवर बरोबर मी सोफा ठेवला, कारण खिडकीचा उजेड तिथं छान पडतो. पडदे लिंबू कलरचे. वहिनीचा फोटो भिंतीवरनं काढला आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवला. तेव्हा मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण धंद्याची सवय.

आता पुढचं नीट वाचा.

पहिलं गिऱ्हाईक निपाणीचं, तंबाखूच्या व्यापारातलं कुटुंब. मुलगा-सून आणि म्हाताऱ्या सासूबाई. अण्णाला मी समोरच्या काकूंकडं पाठवला होता. एजंट महांतेश सगळं घर फिरवून दाखवत होता, सासूबाई सोफ्यावर टेकल्या. मी चहा घेऊन आले तर त्या दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरून बसलेल्या.

"बाई, सोफा लई उंच हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "पाय खाली टेकंनात माझे."

मी पाहिलं. त्यांचे पाय फरशीवर होते. चांगले सपाट टेकलेले. मला वाटलं, वय झालंय, मुंग्या आल्या असतील. पण त्या उठल्या, दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत. नंतर महांतेशला फोन आला, घर नको.

मी सोफा बदलला. बुटका आणला, अगदी जमिनीलगतचा. मग एक बँकवाला आला, उंचापुरा, बायकोला घेऊन. बुटक्या सोफ्यावर त्याचे गुडघे छातीपर्यंत आले. तो दर, पाणी, पार्किंग असं विचारत होता आणि बोलता बोलता त्याचे पाय हलत होते. उजवा दाबायचा, डावा उचलायचा. डावा दाबायचा, उजवा उचलायचा. मी बघतच राहिले. त्याच्या ते ध्यानातसुद्धा नव्हतं. मग एकदम थांबला, खाली वाकून सोफ्याखाली बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इथं खाली काय आहे?"

"फरशी आहे."

"नाही... म्हणजे पाय खाली जातायत माझे."

त्याची बायको हसली. तो नाही हसला.

मी गवंड्याला बोलावलं. म्हटलं, बाबा रे, मुरूम खचलाय काय बघ. त्यानं पाणसळ लावली, फरशीवर हातोडी वाजवली, शेवटी चिडून स्वतः उड्या मारून दाखवल्या. "मॅडम, हत्ती आणून उभा करा," म्हणाला. फरशी जागची हलली नव्हती.

त्यानंतर आणखी गिऱ्हाइकं आली. सगळीच काही बोलली नाहीत. पण जे त्या जागी बसले ते फार वेळ बसले नाहीत, आणि उठताना प्रत्येकानं आधी पायानं चाचपून फरशी आहे ना हे बघितलं. आपण विहिरीच्या काठावरनं उठताना बघतो तसं. महांतेश म्हणाला, "अक्का, गिऱ्हाईक आवडलं आवडलं म्हणतंय आणि गाडीत बसलं की नको म्हणतंय. तुमच्या हॉलला काय झालंय?"

मी स्वतः तिथं कधी बसले नव्हते. माझ्या धंद्यात बसायला वेळ कुठं असतो? त्या दिवशी दुपारी लोक गेल्यावर मी कप उचलले, दार लोटलं, आणि जाऊन बसले. म्हटलं बघू तरी.

आधी काही नाही. खिडकीतनं ऊन येत होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. मग माझे पाय खाली गेले. कसं सांगू... डोळ्यांना पाय फरशीवर दिसत होते. माझी नेलपॉलिश दिसत होती. पण पायांना फरशी नव्हती. पाय लोंबत होते. घोट्याला गार हवा लागत होती, ओलसर मातीची, आणि मला खळीचा वास आला. सुताला लावतात ती खळ. आमच्या घरात वहिनी गेल्यापासून खळ नव्हती.

मी उठायला पाहिजे होतं. नाही उठले. कारण तेवढ्यात माझ्या तळव्यांखाली दुसरे पाय आले.

मंडळी, मी लहान असताना शाळेतनं आले की वहिनीजवळच बसायचा हट्ट करायची. तिला काम थांबवता यायचं नाही. मग ती मला पुढ्यात घ्यायची, मांडी आणि मागाच्या मध्ये. माझे पाय खड्ड्यात खालपर्यंत पुरायचे नाहीत, म्हणून ती ते आपल्या पायांवर ठेवायची आणि तशीच विणायची. उजवा, डावा. तिचा पाय खाली गेला की माझा जायचा. तिची जोडवी माझ्या तळव्यांना टोचायची.

त्या दुपारी ती जोडवी मला लागली. दोन्ही पायांना. टाचेपाशी तिची भेगाळलेली कातडी लागली. पाय कोमट होते, जिवंत माणसाचे असतात तसे. भीती वाटली का? नाही. मी रडले, मोठ्यांदा रडले, कप हातात तसेच धरून. तिच्या दिवसकार्यालासुद्धा मी अशी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांचा स्वयंपाक बघायचा होता.

अण्णाला मी सांगणार नव्हते. पण महांतेशच्या तोंडात तीळ भिजत नाही. समोरच्या काकूंच्या कट्ट्यावर अण्णाला गाठून त्यानं सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांचे पाय लोंबतात, पाय आपोआप हलतात म्हणून. दुसऱ्या दिवशी मी आले तर अण्णा सोफ्यावर. पाय धुतलेले, धोतर वर घेतलेलं, दोन्ही पाय फरशीवर जोडून ठेवलेले. वहिनीचा फोटो कपाटातनं निघून परत भिंतीवर.

"सुमे," तो म्हणाला, "तूबी बसलतीस काय हितं?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. जोडव्यांचंही. तो ऐकत होता आणि त्याचं तोंड असं उजळलं की काय सांगू. इतक्या दिवसांत मी त्याला तसा बघितला नव्हता.

"ती हाय म्हणायची," तो म्हणाला. "मी सकाळधरनं बसलोय. मला काय लागलं न्हाय अजून. पण लागंल की. परक्याला लागतंय तर मला लागणार न्हाय व्हय?"

मी त्याला भाकरी वाढली, ती त्यानं तिथंच बसून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच. तिसऱ्याही. मला विचारायचा, तू कडंला बसलतीस का मधी? डोळे मिटलतीस? पाय पुढं ठेवलतीस का मागं? मी सांगेन तसं तो करून बघायचा. एकदा म्हणाला, मागावर बसताना ती तोंड खिडकीकडं करायची, सोफा फिरव. मी फिरवला. जड सोफा मी आणि महांतेशनं ओढून फिरवला. अण्णा बसला. मी दारात उभी राहून त्याच्या पायांकडं बघत होते. ते फरशीवर होते आणि तसेच राहिले.

"फरशी लागतीया गं," तो म्हणाला. "नुसती फरशीच लागतीया."

गिऱ्हाइकं आली तरी तो उठेना. मालक असा हॉलमध्ये फोटोसमोर पाय जोडून बसलेला बघून कोण घर घेणार? विनूचे फोन येत होते, तिकडच्या घराचा मालक आता थांबायला तयार नाही, आत्या काहीतरी करा. आणि इकडं अण्णाची शुगर वाढलेली, जेवणाकडं लक्ष नाही. एका दुपारी तो एकदम म्हणाला, "माझ्यावर रागावली असंल काय गं?"

"असं कशाला म्हणतोस?"

"मी पावरलूमला गेलो. ती एकटीच बसली ह्या खड्ड्यात. एवढी वर्सं. मी पाळीवरनं यायचो, जेवायचो, झोपायचो. तिच्याजवळ कधी बसलोच न्हाय बघ. तू बसलीस. विनू बसला. मी न्हाय बसलो. आता माझ्याजवळ ती का म्हणून यील?"

"अण्णा, वहिनी असली न्हवती."

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला आणि त्यानं लहान पोरासारखे ओठ दाबून धरले. मी त्याचा हात धरला.

मग ते कुटुंब आलं ज्यांनी घर घेतलं. सर कॉलेजात शिकवतात, मॅडम नर्स आहेत. निपाणीजवळचं मूळ गाव, त्यांचे आजी-आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, यांनी शिकून नोकऱ्या मिळवल्या, आणि आता स्वतःचं पहिलं घर घेत होते. महांतेशनं मला आदल्या दिवशी घाबऱ्या घाबऱ्या फोन केला, "अक्का, उद्या अमावस्या. मी तर त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोनसुद्धा उचलत नाही. पण ते म्हणतात, आम्हाला उद्याच सुट्टी आहे, आम्ही बौद्ध, अमावस्या-बिमावस्या मानत नाही."

मी म्हटलं, येऊ दे.

अण्णा त्या दिवशी मात्र सकाळी स्वतःहून उठून समोर काकूंकडं जाऊन बसला होता. मला वाटलं, थकला. ते दोघं आले, घर पाहिलं, सर बरोबर त्या जागी बसले. मी चहा ओतायचं सोडून त्यांच्या पायांकडं बघत होते. काही नाही. मॅडम बसल्या. आरामात पायावर पाय टाकून बसल्या, दोन कप चहा प्याल्या, खिडकीचा उजेड छान आहे म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. ते मागचं परडं बघायला गेले तशी मी पटकन बसून पाहिलं. फरशी. गार, घट्ट, साधी फरशी.

ते गेल्यावर मी धावत अण्णाकडं गेले. "अण्णा, आज काहीच न्हवतं!"

"आज कसं असंल?" अण्णा अगदी सहज म्हणाला. "आज अमावस्या नव्हं? मागाला सुट्टी."

माझ्या अंगावर काटा आला. विणकराच्या घरात वाढलेली मी, अमावस्येला माग बंद असतो हे मला का आठवू नये? आमची सगळी धुणी, नाहणी, पाहुण्यांकडं जाणं त्याच दिवशी असायचं. अण्णा उठून बाहेर का गेला तेही तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी तो तिला तिथं शोधत नव्हता.

त्यांनी घर घेतो म्हणून कळवलं. मी धंदा करते, पण फसवत नाही. मॅडमना एकटीला गाठून मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ताई, आम्ही हे मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण समजा असलीच कोण, तर दिवसभर काम करणारी एक बाईच नव्हं? बसू दे की." नंतर, ते तिथं राहायला गेल्यावर, मी त्यांना एकदोनदा विचारलं. त्यांना काही जाणवलं नाही.

शेवटच्या दिवसाचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

विनू गाडी घेऊन आला होता. सोफा, पडदे, कुंड्या टेम्पोतनं गेल्या, हॉल परत मोकळा झाला. विनू गल्लीत सगळ्यांच्या पाया पडायला गेला. अण्णानं काकूंकडनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि त्या जागेवर शेजारी शेजारी मांडल्या.

"सुमे, बस जरा."

आम्ही बसलो. दुपार होती. त्याच्या हातात बांगड्यांच्या तुकड्यांचा तो रुमाल होता. तो पायांकडं बघत राहिला. माझे पाय केव्हाच खाली गेले होते. तळव्यांखाली ती होती, आणि ती विणत होती. उजवा, डावा. माझा अण्णा वीतभर अंतरावर बसला होता आणि त्याचे पाय फरशीवर होते.

"मला न्हायच लागलं गं," तो म्हणाला. "जाताना तरी लागंल म्हटलं. तुला लागतंय काय?"

मी त्याच्याकडं बघितलं. हो म्हटलं असतं तर हा माणूस त्या खुर्चीवरनं उठलाच नसता. उठला असता तरी अर्धा इथंच राहिला असता.

"न्हाय अण्णा," मी म्हटलं. "मलाबी काय लागत न्हाय. फरशीच लागतीया."

"खरं?"

"खरं."

त्यानं मोठा श्वास घेतला. "मग गेली म्हणायची," तो म्हणाला. "सगळ्यास्नीच सोडून गेली. एकट्या मलाच न्हाय." त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, पण चेहरा सैल झाला, आणि गुडघ्यांवर हात ठेवून तो उठला. "चल तर. विनू वाट बघत असंल."

तो बाहेर गेला. मला उठायला वेळ लागला. तिचे पाय थांबले नव्हते, माझेच मला उचलून घ्यावे लागले.

अण्णा आता बेंगळुरात बरा आहे. तळमजल्याची खोली आहे, समोर बाग आहे, जेवतो, औषध घेतो, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडतो. हे सगळं काय होतं, मला आजही माहीत नाही. डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली मेंदूचे खेळ असतात. असतील. पण मग निपाणीच्या त्या आजींना, त्या बँकवाल्याला काय ठाऊक होतं? आणि परक्या माणसांना जी लागली ती तिच्यासाठी झुरणाऱ्या एकट्या माणसालाच का लागली नाही? यावर मी लई विचार केला.

तो अजून कधीकधी फोनवर मध्येच विचारतो, "सुमे, त्या दिवशी तुला खरंच काय लागलं न्हवतं न्हवं?"

मी म्हणते, "न्हाय अण्णा."

कुणाकडं काही स्पष्टीकरण असेल तर खाली जरूर लिहा. फक्त हे पुढं पाठवू नका. वडगावची पुष्कळ माणसं या ग्रुपवर आहेत, आणि अण्णाच्या फोनवर नातीनं व्हॉट्सॲप घालून दिलंय.